दुकान गेलं, दुकानदाराची नजरही गेली : वाचकांचे प्रश्न

तुरी शेंगांना आल्या, हरबरा फुलला की या सदराकडे पीकसंरक्षणाच्या बंदुकीचे प्रश्न वाढतात. या वेळच्या पत्रांत सूर एकच आहे: काडतूस महाग झालं आणि तालुक्याचं दुकान उठलं. पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्याला बसस्टँडच्या मागं बंदुकीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी कास्तकार चार-पाच काडतुसं सुटी घेऊन जायचा. मालक बंदूक उघडून पाहायचा, घोडा ढिला असला तर तिथंच कसून द्यायचा, पैसे सुगीवर. आता नागपूर गाठावं लागते, तिथं सुटा माल नाही, अख्खं खोकं घ्या म्हणतात. एवढं का बदललं? — एक कास्तकार, ता. सिंदेवाही

तुमचं दुकान उठायला सुरुवात 1972 सालीच झाली होती. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा धंदा बसला. चांद्याच्या जंगलात येणारे हौशी शिकारी हेच या दुकानांचं मोठं गिऱ्हाईक. कास्तकाराची पाच काडतुसं हा वरकड धंदा होता. पुढं 1980च्या दशकाच्या मध्यावर परदेशी बंदुका-काडतुसांची आयात बंद झाली. एली-किनॉकची लाल-निळी खोकी फळीवरून उतरली ती उतरलीच. उरला देशी माल, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं ‘शक्तिमान’. हा कारखाना 1869चा. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. गंमत पाहा, भंडारा, भद्रावती आणि अंबाझरी अशा तीन आयुध निर्माणी आपल्या विदर्भात. पण त्या सैन्याचं काम करतात, आणि वावरातल्या जागलीचं काडतूस येतं पुण्याहून.

त्यात 2016चे शस्त्र नियम आले, तेव्हा माल ठेवायची व्यवस्था आणि नोंदवह्या दोन्ही कडक झाल्या. 2019च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हाताऱ्या दुकानदाराच्या मुलानं हे सगळं पाहिलं आणि मोबाइलचं दुकान टाकलं. त्याला दोष देता येत नाही.

आता करायचं काय? नागपूरला जाण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: बोअर (नळीच्या घेराचं माप), काडतुसाची लांबी, छऱ्याचा नंबर. ‘बारा बोअरची आहेत का’ एवढंच विचारून गेलात तर भाडं वाया जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा माल घरी येईल. परवान्याची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर माल मिळत नाही. परवान्यावर दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची. घरातली शिल्लक मोजून जा, कारण पहिला आकडा शिल्लक धरून मोजला जातो. दुकानदारानं परवान्याच्या मागं तारीख, संख्या, सही केली की काउंटर सोडायच्या आधी वाचून घ्या. दहाच्या जागी शंभर लागले तर वर्षाचा कोटा कागदावर संपतो.

शेजाऱ्यांनी मिळून एक खोकं घ्यायचं आणि वाटून घ्यायचं, ही युक्ती दोन पत्रांत सुचवली आहे. करू नका. काडतूस उसनं देणं-घेणं हा गुन्हा आहे, मग दोघांकडे परवाना का असेना.

प्रश्न : आजोबांची इंग्रजी दुनळी आहे. नागपूरहून आणलेली काडतुसं आत व्यवस्थित बसतात, पण झटका फार लागतो आणि काडतुसाच्या बुडातली टोपी फुगून येते. जुन्या दुकानदाराकडची कधी अशी वागली नाहीत. नवा माल खराब येतो काय? — ता. पुसद, जि. यवतमाळ

माल बहुधा चांगला आहे, बंदुकीचं घर तोकडं आहे. या बंदुकीनं आणखी एकही बार काढू नका, आधी पुढचं वाचा.

काडतूस बसतं त्या घराला चेंबर म्हणतात. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं चेंबर अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचं असायचं. आजचं काडतूस साधारण 70 मिलिमीटरचं. फसगत इथं होते: काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. न उडालेल्या काडतुसाचं तोंड घडी घालून आत वळवलेलं असतं, त्यामुळं ते तोकड्या चेंबरमध्येही आरामात बसतं आणि बंदूक बिनतक्रार मिटते. बार उडाला की घडी उघडते, आणि तिला उघडायला जागा नसते. ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छऱ्यांची वाट आवळते, दाब चढतो. जास्तीचा झटका आणि फुगलेली टोपी त्यातूनच येते. एखाद्या दिवशी नळी फाटेल.

हे घरीच पाहता येतं. उडालेलं रिकामं काडतूस घ्या, तोंड बोटानं सरळ करा, पट्टीवर मोजा. मग तोंडाची कड पाहा. कड विरलेली, झालरीसारखी फाटलेली किंवा वितळून पातळ झालेली असेल तर चेंबर तोकडं आहे असं धरून चाला. पक्कं मोजमाप मात्र परवानाधारक कारागिराकडूनच. नळ्या सुट्या केल्यावर खालच्या सपाट भागावर ठसे असतात, तिथं 2½ किंवा 2¾ असं कोरलेलं सापडतं. जुना दुकानदार हेच ठसे वाचायचा आणि न बोलता बरोबर खोकं काढून द्यायचा. त्याच्याकडची काडतुसं ‘चांगली’ वाटायची ती त्यामुळं.

ठसे पाहताना आणखी एक गोष्ट पाहा. नळीच्या पोलादावर लाकडाच्या रेषांसारखी किंवा वेटोळ्यांची नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. ती जुन्या काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस घालू नका. ‘आजोबांनी आयुष्यभर चालवली’ हे खरं असेल. आजोबांनी घातलेली दारू वेगळी होती.

ढिलेपणा तपासायचा तर बंदूक रिकामी आहे ना, हे दोन्ही नळ्यांत बोट घालून पाहा. पुढचा लाकडी पकडीचा तुकडा काढा, बंदूक मिटा, मुठीशी धरून हलकेच हलवा. खट-खट आवाज आला तर सांधा झिजला आहे. मग नळीतून उजेडाकडे पाहा. आतल्या चकाकीत कुठं काळसर कडं दिसलं तर तिथं नळी फुगली आहे, बाहेरून बोटालाही कदाचित लागेल. अशी बंदूक भिंतीवर शोभते, वावरात नाही.

प्रश्न : वडिलांच्या पेटीत कागदी काडतुसं सापडली, साताठ असतील. वाळवून चालतील का? — ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

नाही. कागदी काडतूस धानपट्ट्यातल्या पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगायचं, हा त्याचा जुनाच रोग. नळीत अडकलेलं काडतूस दुकानदार लाकडी दांड्यानं काढून द्यायचा, त्या आठवणी गोड वाटतात, पण तो माल काही फार गुणाचा नव्हता. आता तर वरून सुकलं तरी आतली दारू आणि टोपी कशी आहे ते कळत नाही. उन्हात, चुलीजवळ, भांड्यात ठेवून वाळवणं म्हणजे सरळ अपघाताला बोलावणं.

प्लास्टिकचं काडतूससुद्धा अमर नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखालची लोखंडी पेटी त्याहून तापते. उष्णतेनं दारू आतून खराब होते. म्हणून काडतुसं मातीच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, कुलपात ठेवा. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. युरिया-सुफल्याच्या पोत्यांजवळ तर मुळीच नको. खत हवेतलं पाणी ओढतं आणि पितळ, लोखंड दोन्ही खातं.

फेकायचा माल असा ओळखा: पितळी बूड हिरवं पडलेलं, कडेला गंज, टोपी बाहेर आलेली किंवा खोल गेलेली, तोंडाची घडी सैल, हलवल्यावर छरे खुळखुळतात. यातलं एकही लक्षण दिसलं तर ते काडतूस बाजूला. विहिरीत टाकू नका, पुरू नका, जाळू तर नकाच. पोलिस ठाण्यात किंवा दुकानदाराकडे संख्या सांगून जमा करा आणि पोच घ्या. वडिलांच्या पेटीतली काडतुसं तुमच्या परवान्यावर चढलेली नसतील, म्हणून हे काम लवकर करा.

बार उडालाच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, कधी कधी तो उशिरा उडतो. आणि ‘धाड’ऐवजी ‘फुस्स’ झालं तर दुसरा बार आजिबात नको. बंदूक उघडा, काडतूस काढा, नळीतून आरपार पाहा. अर्ध्या दाबाच्या बारात दारू आणि छऱ्यांमधली डाट नळीतच अडकते, आणि मागून दुसरा बार आला की नळी केळीसारखी सोलते.

प्रश्न : दुकानदार ‘गन ऑइल’ची छोटी बाटली द्यायचा, आता मिळत नाही. खोबरेल चालते का? साफ करायची खरी रीत सांगा. — ता. आर्वी, जि. वर्धा

खोबरेल नको. थंडीत, पारा साधारण 24च्या खाली गेला की ते थिजतं, आणि पौष महिन्यात पहाटे जागलीच्या वेळी घोडा जड होतो. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेलही नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतं. रॉकेलनं मळ निघतो, पण ते उडून गेलं की पोलाद उघडं पडतं. म्हणून रॉकेल वापरलंच तर नंतर तेल हवंच.

रीत अशी. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. पुढचा लाकडी तुकडा काढा, नळ्या सुट्या करा. गज मागच्या, म्हणजे काडतूस घालायच्या बाजूनं घाला. तोंडाकडून घातला तर तोंडाची कड घासते आणि मळ यंत्रात पडतो. पितळी तारेचा ब्रश तेलात किंवा रॉकेलात बुडवून दहा-बारा वेळा आरपार न्या. अर्ध्यातून मागं ओढू नका, तारा मोडतात. चेंबरच्या पुढं जिथं नळी निमुळती होते आणि तोंडाशी जिथं चोक (नळीचा आवळलेला भाग) असतो, या दोन ठिकाणी शिसं आणि प्लास्टिक चिकटतं. तिथं चार फेऱ्या जास्त. मग जुन्या सुती धोतराच्या चिंध्या, एकामागून एक, चिंधी पांढरी निघेपर्यंत. शेवटची चिंधी तेलाची, पण पिळलेली. नळीत तेलाचा थर दिसता कामा नये, नुसता हात चिकट व्हावा एवढंच.

जास्त तेल हा कमी तेलापेक्षा मोठा दोष आहे. बंदूक दस्त्यावर (खांद्याला लावायच्या लाकडी भागावर) उभी ठेवली की तेल यंत्रातून खाली दस्त्याच्या लाकडात उतरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, मग दस्ता सांध्याशी चिरतो. साफ केल्यावर पहिली रात्र बंदूक तोंडाकडून खाली करून ठेवा, खाली वर्तमानपत्र. आणि पुन्हा चालवण्याआधी कोरडी चिंधी फिरवायला विसरू नका.

दस्त्यासाठी मात्र आपल्या घरचं औषध आहे: जवसाचं तेल. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन लाकडावर गरम होईपर्यंत चोळा, उरलेलं पुसून काढा, दोन दिवस सुकू द्या. जवस हवेत सुकून पापुद्रा धरतं, म्हणून लाकडाला चांगलं. त्याच गुणामुळं ते घोड्या-चापात गेलं की सगळं जाम होतं. आणि जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

गंजाच्या डागावर रेजमाल घासायची सवय पुष्कळांना आहे. त्यानं गंजाबरोबर काळा मुलामाही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं दुप्पट गंज येतो. अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून, बोटाच्या दाबानं, एवढंच. चामडी म्यानात बंदूक ठेवून देऊ नका. म्यान ओल धरतं. म्यान प्रवासाला, घरात सुती कापड.

प्रश्न : पितळी काडतुसं पुन्हा भरायचा सरंजाम दुकानात मिळायचा, खर्च निम्म्यावर यायचा. माप छापाल का? — ता. तुमसर

छापणार नाही. कारण सांगतो. ती मापं काळ्या दारूची होती, चमच्यानं मोजायची. आजची बिनधुराची दारू त्याच चमच्यानं घातली तर दाब किती तरी पट होतो आणि बंदुकीसकट हात जातो. शिवाय दारूगोळा बनवायचा परवाना वेगळा असतो, पीकसंरक्षणाचा परवाना त्याला पुरत नाही. जुनी पितळी नळकांडी आठवण म्हणून ठेवा, रिकामी.

प्रश्न : माकडं हाकायला एअरगन घेतली. छऱ्यांची डबी महाग झाली म्हणून साधे घेतले, तर नेम लागेना आणि जोरही कमी झाला. — संत्रा बागायतदार, ता. वरुड

आधी एक गोष्ट. माकडाला, पक्ष्याला छरा मारणं कायद्यात बसत नाही, एअरगननंसुद्धा नाही. टिनाच्या पत्र्यावर मारून आवाज करा, तेवढ्यानं काम होतं. पत्र्याच्या मागं आणि बाजूला माणूस-जनावर नाही हे पाहून, डोळ्यावर चष्मा लावून, कारण पत्र्यावरून छरा उलटा येतो. 4.5 मिलिमीटर (0.177 इंच) बोअर आणि 20 जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला 200 मीटर गेला तर 10 जूल होतात, म्हणजे साधी एअरगन या मर्यादेत आरामात बसते.

साध्या छऱ्यांत खोट घेराची असते. छऱ्याची मागची कड म्हणजे त्याचा घागरा. तो वाकडा असला तर हवा एका बाजूनं निसटते. डबी काचेवर ओता आणि तिरपी करा. सरळ छरा गोल वळणानं एकसारखा घरंगळतो, वाकडा अडखळतो. अडखळणारे बाजूला काढा. स्वस्त डबीतून बरेच निघतात, तेव्हा हिशेब करून पाहा. महाग डबी बहुधा महाग पडत नाही.

जोर कमी झाला तो वॉशरमुळंही असू शकेल. नळी जिथं दुमडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवा आणि, छरा घालून, सुरक्षित दिशेला एक बार काढा. पट्टी फडफडली तर तिथला रबरी वॉशर गेला, तो स्वस्तात बदलतो. पट्टी हलली नाही तर आतला पिस्टनचा वॉशर पाहा. तो चामड्याचा असेल तर दोन थेंब तेल घालून रात्रभर उभी ठेवा. रबरी असेल तर तेल नको. जास्त तेल झालं की ते दाबानं पेटतं, धूर आणि फटाका येतो, स्प्रिंगचं आयुष्य घटतं. छरा न घालता बार काढू नका, आणि ताणून ठेवून झोपू नका, स्प्रिंग बसते. छरे तोंडात धरायची जुनी खोड मुलांना लावू नका. ते शिसं आहे, हातही साबणानं धुवा.

प्रश्न : निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली. परत मिळाली तेव्हा नळीत गंज होता. — ता. मूल

जमा करायच्या आधी वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, पण या वेळी तेलाचा हात जाड ठेवा. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबू नका; तो ओल धरतो, आणि विसरला तर पहिल्या बाराला नळी फुटते. दोऱ्यानं पुठ्ठा बांधा: ‘नळीत तेल आहे, पुसून वापरा’. बंदुकीच्या नंबरचा फोटो काढा, पोचपावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्या. परवानाधारक दुकानात फी भरून ठेवायची सोय असेल आणि आदेशात तशी मुभा असेल तर तो बरा पर्याय आहे.

प्रश्न : वडील 74 वर्षांचे आहेत, डोळे गेले. बंदूक माझ्या नावावर होईल का? — ता. साकोली

होऊ शकते, आणि वडील हयात असतानाच. 2016च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा त्यानं शस्त्र 25 वर्षं बाळगलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडा, भावाबहिणींच्या सह्या आधीच घ्या, फाइल बहुधा तिथंच अडते. परवान्यावर यूआयएन क्रमांक, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का ते पाहा; तो नसेल तर परवाना वैध धरला जात नाही. मुदत आता पाच वर्षांची आहे, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी द्या. परवाना तुमच्या हातात येईपर्यंत बंदूक खांद्याला लावून वावरात जाऊ नका.

थोडक्यात उत्तरं. ता. धारणी: परवाना आहे म्हणून रानडुक्कर मारता येत नाही, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दोन्ही संरक्षित यादीत आहेत, मारायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. नुकसान झालं त्याच दिवशी फोटो काढा आणि वनरक्षकाला कळवा, पंचनामा शिळा झाला की हातात काही येत नाही. ता. चिमूर: अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेताच येत नाही, वाट तुमच्या वावराकडे जात असली तरी आधी परवानगी घ्या. ता. कळंब: वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ता. नरखेड: तुमच्या काडतुसावरचा ‘4’ हा छऱ्याचा नंबर आहे, बोअर नव्हे. नंबर वाढला की छरा बारीक होतो. 4 नंबरचा छरा साधारण 3.1 मिलिमीटरचा, 6 नंबरचा 2.6चा. आणि ‘बारा बोअर’ म्हणजे नळीत बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा.